सिस्टरांच्या पुस्तकाचे अकरा वाचक

आमच्या घरात फोडणीच्या वासात आणखी एक वास कायम मिसळलेला असायचा, तो खळीचा. आई मैद्याची खळ घरीच शिजवायची, आणि शेजारच्या शेगडीवर आमटी उकळत असायची. वडील ऑफिसातून आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज जेवायला पिठलं आहे, की पुस्तकं चिकटवायची आहेत?" सरकारी खात्यातल्या माणसाच्या विनोदाला उत्तर द्यायचं नसतं असं आईचं मत होतं, त्यामुळे ती नुसती पळी आपटायची. नारायण पेठेतल्या तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या. त्यातल्या पुढच्या खोलीत आईची लायब्ररी आणि मागच्या खोलीत आम्ही. पाहुणे आले तर ते पुस्तकांत झोपायचे. दुपारी चार वाजता आई दाराची कडी काढायची, पाटी बाहेर लावायची, आणि मग सातपर्यंत शिक्क्याचा ठप ठप आवाज, बायकांच्या पिशव्यांची खसखस आणि "काहीतरी छानसं दे गं" हे एकच वाक्य शंभर वेळा.

आता मी वाघोलीला मुलाकडे सातव्या मजल्यावर राहते. सोसायटीतल्या आम्हा बायकांचा फोनवर एक वाचनगट आहे. कुणी पुस्तकाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत चौदा जणी "अप्रतिम" लिहितात. माझी नात म्हणते, "आजी, यांच्यातल्या निम्म्या जणींनी ते ओपनसुद्धा केलेलं नसणार." ती हसते. मला हसू येत नाही, कारण न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहिण्याचं काम मी या सगळ्यांच्या कितीतरी आधी केलेलं आहे, आणि तेही अकरा बायकांच्या नावाने. ते आज लिहून टाकायचं असं ठरवून बसले आहे.

आईच्या लायब्ररीची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर फक्त नंबर, आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून एक लांब कोरी पट्टी चिकटवलेली. पुस्तक वाचून परत करताना बाईने तिच्यावर दोन ओळी लिहायच्या आणि खाली आद्याक्षरं टाकायची. आमच्या बायका पुढून पुस्तक कधी उघडायच्याच नाहीत. आधी शेवट, म्हणजे ती पट्टी. "प. का. म्हणतायत बरं आहे, म्हणजे नेते." प. का. म्हणजे परांजपेकाकू. सत्तरीच्या, ताठ, नाकावर चष्मा, आणि जिभेला हाड नाही. एका नामांकित कादंबरीच्या पट्टीवर त्यांनी लिहिलं होतं, "नायिका पान बारावर मरायला हवी होती. लेखकाने उगाच ताणलं." त्यांचं एक वाक्य पुस्तकाला तारायचं किंवा बुडवायचं. आई म्हणायची, पट्टीवरचं अक्षर म्हणजे माणसाने दिलेला शब्द, तिथे खोटं चालायचं नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईचे गुडघे दुखायला लागले आणि चार ते सात मी टेबलावर बसू लागले. मला त्याचा काय गर्व होता म्हणून सांगू! कुणाला काय द्यायचं ते मला बरोबर कळतं असा माझा समज होता. कॉलेजात आम्ही तावातावाने बोलायचो की पेठेतल्या बायका त्याच त्या घरांतली तीच ती लग्नं वाचतात, त्यांना बाहेरचं जग दाखवलं पाहिजे. आदिवासी लिहितायत, मुसलमान बायका लिहितायत, वस्त्यांमधून लोक लिहितायत, आणि आमच्या कपाटात मात्र सगळ्या नायिका गॅलरीत उभ्या राहून मोगरा हुंगतायत. मी आईच्या मागे लागून तशी आठ-दहा पुस्तकं आणवली. त्यांचं पुढे काय झालं? जागच्या जागी उभी राहिली, दुसरं काय. पण मी ती आणली होती आणि कॉलेजात तसं सांगितलं होतं, तेवढं मला पुरत होतं.

विशाखा साळवे माझ्या वर्गात होती. राहायची येरवड्याला, दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये, कारण तिची आई तिथे नर्स होती. सगळे शेजारी त्यांना सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही सिस्टरच म्हणायला लागले. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा सिस्टर पांढऱ्या साडीत, ड्युटीला निघण्याच्या तयारीत, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या. जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठी शिवून वही केलेली. एका हाताने पोळी उलटत होत्या आणि दुसऱ्या हाताने लिहीत होत्या. मला म्हणाल्या, "बस. अंडं खातेस का? घरी सांगायचं नसेल तर नको सांगूस." मी खाल्लं आणि घरी सांगितलं नाही. खोलीत कोपऱ्यात छोटी बुद्धमूर्ती, तिच्यासमोर एक वाटी पाणी, रेडिओ मोठ्याने लागलेला आणि सिस्टर त्याच्याही वरच्या पट्टीत बोलणाऱ्या. त्या हसायच्या तेव्हा भिंतीपलीकडची शेजारीण विचारायची, "काय झालं हो सिस्टर?" मग तिला तो किस्सा पुन्हा सांगावा लागायचा.

त्या वहीचं पुढे पुस्तक झालं. कुणा ओळखीच्या छापखानेवाल्याने छापून दिलं. नाव होतं 'ड्युटीवर जाण्याआधी'. सिस्टरांचं लहानपण, रेल्वे यार्डात काम करणारे वडील, तीन बहिणी, नर्सिंगचं हॉस्टेल, आणि शेवटच्या पानावर त्या पहिल्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी उभ्या आहेत, इथे पुस्तक संपतं. विशाखाने एक प्रत मला दिली. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या आईच्या लायब्ररीत ठेव. आमच्या बायका वाचतायत, पण त्यांना यातलं सगळं ठाऊकच आहे. नदीच्या तिकडच्या बायकांनी वाचलं तर मी दवाखान्याचा भाग लिहिते. नाही वाचलं, तर कशाला? मी काय माझी मला गोष्ट सांगत बसू?" हसत म्हणाल्या, पण मला कळलं की त्यांनी मनाशी अट घातली आहे.

मी ते एका रात्रीत वाचलं आणि उशी ओली केली. सकाळी डोळे सुजलेले पाहून आईने विचारलं, तर म्हटलं, "आई, काय भोगलंय गं यांनी." खळ शिजवून मी स्वतः कव्हर घातलं, पट्टी चिकटवली, नंबर टाकला. आणि चार वाजता टेबलावर बसून शिफारस सुरू केली. कशी केली ते आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आवाज खाली आणून, चेहरा गंभीर करून मी म्हणायचे, "हे जरा वेगळं आहे, जड आहे, पण वाचायलाच हवं असं आहे." एरंडेल द्यावं तसं. बायका काय करणार? कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "हो का? वाचायला हवंच. पण सध्या घरी पाहुणे आहेत गं, पुढच्या वेळी." दुसऱ्या एक म्हणाल्या, "पेपरात रोज तेच वाचतो ना, लायब्ररीत तरी हलकं दे." एकीने पुस्तक हातात घेतलं, पहिल्या पानावर लेखिकेचं आडनाव पाहिलं, "अच्छा" म्हणाली आणि खाली ठेवलं. भांडण नाही, वाईट शब्द नाही. पुण्यात नकार असाच मिळतो, साजूक तुपातला. आणि खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. बायका तुटतील, आईची लायब्ररी ओस पडेल, "नीलू आजकाल भाषणं देते" असं म्हणतील, याची मला भीती होती. परांजपेकाकूंना तर मी ते दाखवलंसुद्धा नाही. त्यांनी पट्टीवर काही भलतं लिहिलं तर, या धास्तीने.

महिन्याभराने विशाखाने कॉलेजच्या कट्ट्यावर विचारलं, "कुणी वाचलं का गं? आई रोज विचारते." मी पटकन म्हणाले, "हो, पाच-सहा जणींनी नेलं." तोंडातून गेलं ते गेलं. तिचा चेहरा असा खुलला की मला ते परत घेता येईना. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "आईने नवी वही आणली. दवाखान्याचा भाग सुरू केला. म्हणते, एकदा येऊन त्या पट्ट्या बघते, तू सांगतेस त्या." त्या दुपारी आई गुडघ्यांना तेल लावून मागच्या खोलीत पडली होती. मी निळी, काळी आणि हिरवी अशी तीन पेनं घेतली, एक पेन्सिल घेतली, दोन अभिप्राय तर डाव्या हाताने लिहिले. "वाचून डोळ्यांत पाणी आलं." "किती हे दुःख!" "मन सुन्न झालं." "चपलांचं प्रकरण वाचून काळीज पिळवटलं." अकरा अभिप्राय, अकरा आद्याक्षरं, सगळी आमच्या सभासदांची. लिहिताना मला वाटत होतं की मी एक चांगलं काम करते आहे. सिस्टर लिहितील, दुसरा भाग येईल, तोवर हा पहिला कुणीतरी वाचेलच, आणि मग खोट्याचं खरं होऊन जाईल. विशीतल्या मुलीचा हिशेब, त्यात मला मी फारच थोर दिसत होते.

सिस्टर एका शनिवारी आल्या. ड्युटी संपवून थेट, बरोबर स्टीलच्या डब्यात रव्याचे लाडू. आई गुडघे धरत बाहेर आली, "या ना सिस्टर, बसा, चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. लायब्ररीत तेव्हा एकट्या कुलकर्णीकाकू होत्या, खिडकीपाशी दिवाळी अंक चाळत. मी पुस्तक काढून सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि पट्टी वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, एकेक ओळ. आधी चेहऱ्यावर हसू होतं. चौथ्या-पाचव्या ओळीला ते गेलं. शेवटपर्यंत वाचून त्या पुन्हा वर आल्या, पुन्हा वाचलं.

"सगळ्यांना रडूच आलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो सिस्टर, फार परिणाम होतो वाचून."

"चपलांचं वाचूनसुद्धा?"

ते प्रकरण सांगायला हवं. शाळेचा बक्षीस समारंभ, तिघी बहिणींना बक्षिसं, थोरलीला तर दोन, आणि तिघींत मिळून चपलांचा एकच जोड. एकीने स्टेजवर जाऊन यायचं, पडद्यामागे चपला काढायच्या, दुसरीने त्या घालून पळायचं. तिसरी गेली तेव्हा पाहुण्यांनी खाली वाकून बघितलं आणि माइकवरच विचारलं, "या चपलेला आज आणखी किती बक्षिसं मिळायची आहेत?" सगळा हॉल हसला, आणि धाकटीने ठसक्यात उत्तर दिलं, "अजून एक आहे, पण ते ताईचं आहे, ती यायची तेवढा वेळ थांबा." हे वाचून मी रडले होते. गरिबी दिसली मला, चपला नसणं दिसलं. त्या पोरीचा ठसका मला दिसलाच नव्हता.

"आम्ही तिघी बहिणी अजून भेटलो की यावरून हसून मरतो," सिस्टर म्हणाल्या. "अर्धं पुस्तक मी हसायला लिहिलंय बाळ. अकरा बायका, आणि एकीलाही हसू आलं नाही?"

त्यांनी पट्टीवरची आद्याक्षरं पाहिली, मग खिडकीकडे वळून अगदी आदराने विचारलं, "आपण कुलकर्णी का? सु. कु.?" कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "हो, का बरं?" "आपण लिहिलंय की मन सुन्न झालं, म्हणून विचारलं." काकूंनी पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "नाही हो, हे मी नेलेलंच नाही. नीलू म्हणत होती वाचा म्हणून, पण राहिलंच."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. रोग्याचा ताप बघावा तसं पाहिलं. मग नखाने ती पट्टी एका कडेने उचलली, हळूच, पुठ्ठा न फाटता सोडवली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. "पुस्तक राहू दे," म्हणाल्या. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. सिस्टरांनी तो पूर्ण प्यायला, आईच्या गुडघ्यांना कोणता शेक द्यायचा ते नीट समजावून सांगितलं, आणि गेल्या.

कुलकर्णीकाकू घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती बोलेल, ओरडेल, पट्टीवरच्या शब्दाबद्दल ऐकवेल. तिने लाडवांचा डबा झाकून फळीवर ठेवला. मग म्हणाली, "तू खोटं लिहिलंस. आणि मी? कव्हर घालायला खळ करून दिली, पण पुस्तक मी तरी कुठे उघडलं?" त्या रात्री तिने ते वाचायला घेतलं. वडील बाहेरच्या खोलीत येऊन आज जेवण आहे का असं विचारून गेले, तरी ती उठली नाही.

पंधरा दिवसांनी मी माफी मागायला येरवड्याला गेले. मनात वाक्यं पाठ करून गेले होते. सिस्टरांनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या, चहा दिला, कॉलेजचं विचारलं, आईचे गुडघे विचारले. मी माफी मागायला गेले आणि चहा पिऊन परत आले. निघताना विशाखा जिन्यापर्यंत आली. "आईने लिहायचं बंद केलंय," म्हणाली. "चाळीस पानं झाली होती. वहीची उरलेली पानं माझ्या धाकट्या बहिणीला गणितं सोडवायला दिली." एवढं सांगून ती वर गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण शेजारी बसायची नाही.

परीक्षा झाल्यावर एका दुपारी परांजपेकाकू टेबलापाशी उभ्या राहून कुरकुर करत होत्या, "सगळ्या नायिका रडक्या. एक तरी हसणारी बाई ठेवली आहेस का कपाटात?" मी काही विचार न करता सिस्टरांचं पुस्तक काढून दिलं. ना जड म्हटलं, ना वेगळं म्हटलं. एवढंच म्हणाले, "हसायचं असेल तर न्या. चपलांचं प्रकरण आधी वाचा." दोन दिवसांत त्या परत आल्या, आणि दारातूनच सगळ्या बायकांना ती चपलांची गोष्ट पाहुण्यांच्या आवाजासकट करून दाखवली. नव्या पट्टीवर लिहिलं, "बाई हुशार आहे आणि ते तिला माहीत आहे. हॉस्टेलचा भाग चटका लावतो, पण ती तिथे रेंगाळत नाही. मला फाटकापाशी सोडून गेली, हे मात्र शोभलं नाही. पुढचा भाग ताबडतोब हवा." त्यांच्यामागे पुस्तकासाठी रांग लागली. कुलकर्णीकाकूंनी खरंच नेलं, आणि दोन ओळींऐवजी पाच ओळी लिहिल्या. जिने आडनाव पाहून पुस्तक खाली ठेवलं होतं, तिनेही नेलं. मी जे औषध म्हणून पाजायला गेले होते, ते त्यांनी पुस्तक म्हणून मागून नेलं.

"मला भेटायचंय या बाईंना," परांजपेकाकूंनी फर्मान काढलं. "येरवडा म्हणजे काय परदेश आहे? बसने जाऊ. तू घेऊन चल." मी हो म्हटलं. पण काकू गेल्या असत्या, तर सिस्टर पहिल्या पट्टीबद्दल बोलल्या असत्या, आणि मी काय केलं होतं ते परांजपेकाकूंना, म्हणजे पर्यायाने अख्ख्या नारायण पेठेला कळलं असतं. म्हणून मी काकूंना न सांगता ती भरलेली नवी पट्टी सोडवली आणि एकटीच गेले.

सिस्टर उन्हात गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. मी पट्टी पुढे केली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि सगळ्या ओळी शांतपणे वाचल्या. "पुढचा भाग ताबडतोब हवा" या ओळीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग त्यांनी वर बघून साध्या आवाजात विचारलं,

"यातलं तुझं कुठलं?"

"एकही नाही सिस्टर. शपथ. हे सगळ्यांनी खरंच वाचलंय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पट्टी माझ्या हातात परत दिली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि का पटावं? परांजपेकाकू बसने अर्ध्या तासावर होत्या. "त्यांना तुम्हाला भेटायचंय, उद्या घेऊन येते," एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ते जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं, आणि चार पापड उलटायला मदत करून जिना उतरले.

पुढच्या सोमवारी परांजपेकाकू पदर खोचून, पिशवीत सिस्टरांसाठी आंब्याच्या वड्या घेऊन दारात उभ्या. "चल, कधी निघायचं?" मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. म्हटलं, "काकू, त्यांची बदली झाली. गाव कळलं नाही." काकू चुकचुकल्या, वड्या आईच्या हातात देऊन गेल्या.

सिस्टर तेव्हा येरवड्यातच होत्या. पुढे निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं, त्याच क्वार्टर्समध्ये राहिल्या.